कागदावर ठोकलेली लॉरा

दिवाळी झाल्यावर बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, पोट्टा व्हीआरएस घेतो म्हणून राहिला. एकोणतीस वर्षांचा आहे, आताशी तर नोकरीत जम बसला. तू समजाव त्याला."

भाचा नागपूरच्या मिहानमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मलाही क्षणभर वाटलं, गेली याची नोकरी. त्यालाच फोन लावला तेव्हा कळलं, घ्यायची ती स्वेच्छानिवृत्ती नाही, स्कोडा लॉरा व्हीआरएस. २०१२ची, लाल, ९४ हजार किलोमीटर चाललेली. विकणारे तिचे दुसरे मालक, मागणी सव्वापाच लाखांची. नोकरी सोडणं परवडलं असतं, असं मी मनात म्हटलं. बहिणीला मात्र 'घाबरू नको, गाडी आहे ती' एवढंच सांगितलं.

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या पाहून नुकसान किती ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे गाडीकडे बघताना ती कशी पळते हा प्रश्न मला उशिरा सुचतो. फुटली तर काय होईल हा आधी. भाच्याला हे माहीत होतं, तरी त्याने मलाच बोलावलं. "मामाजी, पाहून तर घ्या एकदा. मंग नाही म्हणा."

आधी गाडीबद्दल थोडं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. युरोपात जी दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया, ती आपल्याकडे लॉरा नावाने आली, कारण पहिली ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती. व्हीआरएस ही तिची वेगवान आवृत्ती. २००४मध्ये पहिल्या ऑक्टाव्हियाची व्हीआरएस आली होती, १.८ टर्बो, १५० पीएस (अश्वशक्ती). २०११मध्ये लॉराची आली. युरोपातल्या व्हीआरएसला दोन लिटरचं २०० पीएसचं पेट्रोल इंजिन होतं. आपल्याला मिळालं १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), १६० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. म्हणजे साध्या लॉरा १.८ टीएसआयचंच इंजिन. शौकीन मंडळींनी तेव्हा यावर बरीच नाकं मुरडली होती.

मला मात्र ती गोष्ट सोयीची वाटली. इंजिन साध्या लॉरात आणि सुपर्बमध्येही आहे, त्यामुळे पाण्याचा पंप, चेन, कॉइल, इंजेक्टर हे सगळं आजही मिळतं. दुर्मीळ आहे ती फक्त कातडी: पुढचा-मागचा बंपर, जाळी, दिवे, बिल्ले. लोक अशी गाडी घेताना इंजिनाला घाबरतात. मी घाबरतो कातडीला. का, ते पुढे येईलच.

मालक डागा लेआउटला राहतात. हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात एकच तारीख आली, २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, वर्मा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. नंतरचे दोन महिने मी चिखल वाळलेल्या गाड्यांच्या सीटांखाली डोकं घालून काढले. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून आज बाजारात फिरत आहेत.

साधारणपणे मी विम्याच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस बघतो. ५० टक्के असेल तर निदान पाच वर्षं स्वतःच्या नुकसानीचा दावा नाही. इथे तो मार्ग बंद निघाला. २०२१पासून पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची. थर्ड पार्टीत स्वतःच्या नुकसानीचा दावा करायची सोयच नाही, म्हणून दावा नसण्याला अर्थ नाही. मालकांना सरळ विचारलं.

"बाप्पा, आमी महालक्ष्म्यांना गावी गेलो होतो. गाडीनंच."

असं सगळेच सांगतात. मी म्हटलं, फास्टॅगचं त्या महिन्याचं स्टेटमेंट काढता का? मालक जरा चिडले, पण संध्याकाळी पाठवलं. २० तारखेला जाताना समृद्धीचा टोल, २४ला परतीचा. पूर आला तेव्हा गाडी नागपुरात नव्हती. तरीही गाडी पाहिल्याशिवाय मी मानलं नाही, कारण फास्टॅगचं स्टिकर काचेवर असतं आणि काच कुणाच्याही गाडीची असू शकते.

रविवारी सकाळी गाडी पाहिली. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढले. बुडालेल्या गाडीत पट्ट्याच्या आतल्या हातभर भागावर मातीची रेघ राहते, बाहेरचा भाग कितीही धुवा. इथे रेघ नव्हती. चालकाच्या बाजूचा गालिचा उचलून खालचा फोम दाबला, कोरडा आणि जुना. नवा फोम असता तर मी जास्त सावध झालो असतो. सीटच्या रुळांचे बोल्ट बरे होते. मग डिकीतलं स्टेपनी काढलं. त्या खड्ड्याच्या तळाशी एक पांढरं कागदी लेबल असतं, कारखान्यातच चिकटवलेलं. त्यावर गाडीचा चॅसिस क्रमांक, मॉडेल, इंजिनाचा आणि रंगाचा कोड, खाली बारीक अक्षरांत सगळ्या फिटिंगचे कोड. हे लेबल दोन कामांचं आहे. एक, साध्या लॉराला बंपर आणि बिल्ले लावून व्हीआरएस म्हणून विकतात, तसं इथे आहे का ते कळतं. दोन, तो खड्डा म्हणजे गाडीतली सर्वांत खोलगट जागा. पाणी आलं की तिथे साचतं आणि कागदावर डाग पडतो. लेबल कडांना पिवळं पडलं होतं, पण शाई पसरलेली नव्हती. आरसी बुकाशी आकडे जुळले. पुराचा विषय मी तिथे मिटवला.

पण त्याच खड्ड्यात, जॅकशेजारी, एक लिटरचा इंजिन ऑइलचा डबा होता. अर्धा रिकामा.

भाचा बंपरच्या प्रेमात होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी डबा हलवून पाहिला आणि मालकांकडे बघितलं. "कधीमधी टॉप-अप लागतो," ते म्हणाले. कधीमधी म्हणजे किती? "तसं मोजलं नाही."

या इंजिनाचं दुखणं ठाऊक असलेल्याला तो अर्धा डबा पुरेसा आहे. त्या काळातल्या १.८ टीएसआयमध्ये पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आणि त्यातून तेल परत जायची छिद्रंही बारीक. जळलेलं तेल त्यात घट्ट बसतं, रिंगा तेल खरवडेनाशा होतात आणि इंजिन तेल पिऊ लागतं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, तर कोरड्या काजळीऐवजी काळा चिकट थर बोटाला लागला. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल जाणं चालतं असं लिहिलेलं आहे. अर्धा लिटर ही मर्यादा फारच उदार आहे असं माझं मत. पण निदान मोजायला एक आकडा मिळतो.

मग मोजायचं ठरवलं. मालकांना ते पटायला दोन दिवस आणि पेट्रोलचा खर्च आमचा हे आश्वासन लागलं. वाडीकडे ज्याच्याकडे मी नेहमी जातो त्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये, सपाट फरशीवर, गार इंजिनात तेल डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीच्या, वरच्या खुणेपर्यंत भरलं. मिस्त्रीने टायरखाली खडूने रेघा मारल्या, परत आल्यावर गाडी त्याच जागी उभी राहावी म्हणून. मग मालक, भाचा आणि मी समृद्धीवरून कारंजा लाडपर्यंत गेलो आणि परत आलो. ओडोमीटरवर तीनशे किलोमीटर.

जाताना गाडी भाच्याने चालवली. खोटं कशाला बोलू, गाडी छान आहे. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागून कुणी हात देऊन ढकलावं तशी निघते, आणि स्टिअरिंगला वजन आहे. मर्यादा ताशी १२०ची, ती तर चौथ्या गिअरमध्येच संपते. १६० पीएसचा समृद्धीवर उपयोग काय, हा प्रश्न मी विचारला नाही. पोट्ट्याचा चेहरा बघून विचारवला नाही.

टायर मात्र जाण्याआधीच पाहिले होते. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागचे दोन २०२१चे, पुढचे दोन २०१८चे. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मालकांना ते चांगले वाटत होते. सात वर्षांचं रबर, तेही नागपूरच्या उन्हात वाळलेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. २०१३च्या मेमध्ये ४७.९ नोंदला गेला होता. त्या सिमेंटवर, त्या वेगात जुना टायर फुटला की काय उरतं ते मी कामानिमित्त बघतो. आम्ही ९०च्या वर गेलो नाही, आणि चार टायरांचा खर्च मागणीतून वजा धरायचा हे ठरलं.

परत आल्यावर गाडी खडूच्या रेघांवर लावली, रात्रभर गार होऊ दिली. सकाळी मिस्त्रीने औषधाच्या मापाच्या मोठ्या सिरिंजने तेल टाकायला सुरुवात केली. साठ, शंभर, दीडशे. दर वेळी डिपस्टिक पुसायची, घालायची, काढायची. मालक डिपस्टिककडे न बघता रस्त्याकडे बघत होते. २४० मिलिलिटरला तेल खुणेला टेकलं. तीनशे किलोमीटरला २४०, म्हणजे हजाराला ८०० मिलिलिटर. कंपनीच्या उदार मर्यादेच्याही पुढे.

इथे मात्र माझं आणि मिस्त्रीचं एकमत झालं, आणि भाच्याला त्याचं नवल वाटलं. मिस्त्री म्हणाला, "पाजत राहा न. इंजिन खोलाल तर पावणेदोन लाख जातील." हिशेब त्याच्या बाजूचा आहे. भाचा वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवेल, त्याला साडेसहा लिटरच्या आत तेल लागेल. लिटरला आठशे धरले तरी पाच हजारांच्या आसपास. शिवाय इनटेक व्हॉल्व्हवर काजळी जमेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य घटेल. तरी हा ओळखीचा, मोजता येणारा खर्च आहे. धोका एकच, एखादा महिना डिपस्टिक बघायची राहून गेली तर. भाचा बुलेटची चेनही वेळेवर साफ करत नाही, म्हणून हा धोका मी लहान मानला नाही.

बाकीचं पटकन सांगतो. टायमिंग चेनचा टेन्शनर हे या इंजिनाचं खरं जीवघेणं दुखणं. तो सुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. तो २०१८मध्ये बदलल्याचं बिल होतं, आणि लॅपटॉप लावून कॅमशाफ्टचा कोन पाहिला तर चेन ताणलेली नव्हती. पाण्याच्या पंपाची प्लॅस्टिकची बॉडी आपल्या उन्हात तडकते आणि गुलाबी कूलंटची खपली धरते. ती नव्हती, पंप २०२२चा होता. आता पेट्रोल पंपावर मिळणारं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा बघाव्या लागतील. आरसी मार्च २०२७ला पंधरा वर्षांची होईल, मग तपासणी, पाच हजारांची नूतनीकरण फी, वर पर्यावरण कर, आणि पुढची पाच वर्षं. नंबर एमएच-१२चा असला तरी गाडी महाराष्ट्रातलीच, म्हणून नवा रोड टॅक्स नाही. उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली होती.

आता कातडी.

एका विमा कंपनीकडून पूर्ण विम्याचा आकडा मागवला. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यातली किंमत, दोघांच्या संमतीने ठरते. पण संमती बहुतेक वेळा कंपनीची असते. ३ लाख १० हजारांच्या वर ते जाईनात. म्हणजे सव्वापाच लाख देऊन घेतलेली गाडी दुसऱ्या दिवशी चोरीला गेली तर हातात ३ लाख १०.

चोरी विरळ. म्हणून बहिणीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी कोरा कागद घेतला आणि गाडी ठोकली. अमरावतीहून यवतमाळला जाताना रात्री समोर रानडुक्कर. आमच्याकडे हा दावा इतका येतो की आकडे पाठ आहेत. पुढचा बंपर, मिळाला तर, ३८ हजार. झेनॉनचे दोन्ही हेडलॅम्प १ लाख १०. बॉनेट ४२. रेडिएटर, कंडेन्सर आणि इंटरकूलर मिळून ७०. जाळी आणि क्लिपा १२. रंग आणि मजुरी ३३. एअरबॅग उघडली नाही असं धरलं. बेरीज ३ लाख ५ हजार.

"दादा! गाडी घरी यायच्या आधीच काय ठोकून राहिला तू?" बहिणीने हातातलं लाटणं टेबलावर ठेवलं. "शुभ बोल."

दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेली की गाडी टोटल लॉस. ३ लाख १०च्या ७५ टक्के म्हणजे २ लाख ३२ हजार ५००. एक डुक्कर, गाडी भंगारात. इंजिन धडधाकट, गिअरबॉक्स धडधाकट, चेसिस सरळ, तरीही. साधी लॉरा असती तर बाजारातून जुना बंपर आणि साधे दिवे आणून गाडी रस्त्यावर आली असती. व्हीआरएसला साधे बसतीलही, पण मग ती व्हीआरएस कसली? वरचे पैसे कशाचे दिले?

आणि डुक्कर लहान निघालं तर? एक दिवा, बंपर, बॉनेट, जाळी: सुटे भाग १ लाख ४७ हजार. प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्यावरही ५० टक्के. साडेत्र्याहत्तर हजार भाच्याचे, वर दीड हजार सीसीपुढच्या गाडीचे सक्तीचे दोन हजार, रंगात थोडे. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, या वयाच्या गाडीला कुणी देत नाही.

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामाजी, म्हणजे घ्यायची नाही?"

मी म्हटलं, तसं नाही. गाडीचे आयडीव्हीइतके पैसे विमा सांभाळतो. त्यावर जितके देशील ते शौकाचे, परत येणार नाहीत असं धरून दे. किती देऊ शकतोस? तो ७५ हजार म्हणाला. सहा लाख जमवलेले होते. पण टायर, तेल आणि २०२७ची आरसी बाजूला काढली तर ७५ हा आकडा प्रामाणिक होता. ३ लाख ८५.

मालकांनी ३ लाख ८५ ऐकून चहाचा कप खाली ठेवला. ४ लाख ९०च्या खाली नाही म्हणाले, आणि त्यांच्या जागी मीही तसंच म्हणालो असतो. गुडघ्यामुळे क्लच दाबवत नाही म्हणून ते विकत होते, गाडी नकोशी झाली म्हणून नाही.

तीन आठवडे काही नाही. मधल्या काळात भाच्याने त्याच पैशात मिळणाऱ्या दोन सेडान पाहिल्या, दोन्ही निम्म्या वयाच्या, सगळ्या बाजूंनी शहाण्या. दोन्हींबद्दल त्याने मला एकेका ओळीचा मेसेज केला. लॉराबद्दल चाळीस केले होते.

मग मालकांचाच फोन, ४ लाख ४०. मी विचारलं, गाडी पाहायला आलो तेव्हा गॅरेजच्या माळ्यावर चादरीत गुंडाळलेलं लांबडं काय होतं? त्या रविवारी नजरेस पडलं होतं, तेव्हा बोललो नव्हतो. ते हसले. पुण्यात एक व्हीआरएस भंगारात निघाली, तिचा पुढचा बंपर आणि दोन्ही हेडलॅम्प त्यांनी घेऊन ठेवले होते. "ते वेगळे विकीन म्हटलं होतं."

मी पुन्हा तो कागद काढला. मोठ्या डुकराच्या ३ लाख ५ हजारांतून ३८ आणि १ लाख १० वजा केले. उरले १ लाख ५७. ७५ टक्क्यांच्या रेषेच्या बऱ्याच खाली. माळ्यावरची ती चादर म्हणजे गाडीचा दुसरा जन्म होता, आणि मालकांना तिची किंमत कळली नव्हती. जुन्या मालाचे ५० हजार धरले. ३ लाख ८५ अधिक ५०.

४ लाख ३५ला सौदा ठरला, बंपर आणि दिव्यांसकट. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सह्या करून घेतले. मी भाच्याला 'घे' म्हणालो नाही. 'घेतलीस तर भांडणार नाही' एवढंच म्हणालो, आणि आजही त्याच्या जागी मी शहाणी सेडानच घेतली असती.

गाडी आली त्या आठवड्यात चार टायर बदलले. डिपस्टिकची वही मी करून दिली. दर रविवारी सकाळी गार इंजिनात बघायचं, किलोमीटर आणि मिलिलिटर लिहायचं. आतापर्यंत १,९०० किलोमीटर, १,४५० मिलिलिटर. एक रविवार कोरा आहे, त्याबद्दल बोलणं झालं.

बंपर बहिणीच्या माळ्यावर ठेवलाय. परवा तिचा फोन आला. संक्रांतीच्या वाणाचा डबा काढायचा होता, तो बंपरच्या मागे अडकलाय. "दादा, ही भानगड किती दिवस राहील इथे?"

मी म्हटलं, डुक्कर आडवं येईपर्यंत. तिने फोन ठेवून दिला.